पुण्यातला फ्लॅट ‘शॉर्ट स्टे’ला द्यायचा? आधी मंगळवारच्या रात्री मोजा

गेल्या दिवाळीत माझी मामेबहीण नाशिकहून आली ती एक कागद घेऊनच. बाणेरमधला तिचा दोन बेडरूमचा फ्लॅट भाडेकरूने नुकताच सोडला होता आणि तो रात्रीच्या हिशेबाने पाहुण्यांना दिला तर काय मिळेल, हे एका एजंटाने तिला लिहून दिलं होतं: रात्रीचे ४,००० रुपये, महिन्याच्या ३० रात्री, म्हणजे १,२०,००० रुपये. “ताई, याच्या निम्मे मिळाले तरी भाड्याच्या जवळजवळ दुप्पट होतील गं,” ती म्हणाली. तिला भाडं मिळत होतं ३२,०००.

मी स्वतः गेली सहा वर्षं एरंडवण्यातला एक फ्लॅट दिवसांच्या हिशेबाने देते, त्यामुळे तो कागद पाहून मला धास्तीच वाटली. त्यावर खर्चाची एक ओळ नव्हती. रिकाम्या रात्रींचा उल्लेख नव्हता. घर पाहुण्यांना देणं हे चांगलं काम आहे, मला ते मनापासून आवडतं, आणि म्हणूनच कुणी अशा कागदावर भरवसा ठेवून फर्निचरला तीन-चार लाख घातले की जीव तुटतो. त्यानंतरचे पाच आठवडे आम्ही दोघींनी जे काम केलं ते इथे क्रमाने मांडते. आकडे तिच्या फ्लॅटचे आहेत. तुमचे वेगळे येतील, रीत मात्र हीच वापरा.

पहिलं काम: येणारा माणूस कोण, हे लिहून काढा

पुणं म्हणजे गोवा किंवा महाबळेश्वर नाही. इथे माणूस बहुतेक वेळा कामासाठी येतो, आणि ते काम ज्या भागात असतं त्याच भागात त्याला घर हवं असतं. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथे कंपनीच्या कामासाठी येणारे सोमवारी उतरतात आणि शुक्रवारी दुपारी निघतात. विमाननगर आणि कल्याणीनगरला लोहगाव विमानतळ जवळ, शिवाय कॉलेजात मुलांना सोडायला आलेले आईवडील. कोरेगाव पार्कात ओशो आश्रमामुळे वर्षानुवर्षं परदेशी पाहुणे येत आले. मोठ्या रुग्णालयांच्या आसपास पेशंटचे नातेवाईक येतात. पेठांमध्ये गणपतीच्या दहा दिवसांत खोली मिळत नाही, पण त्याच दिवसांत रस्ते बंद असतात आणि पाहुण्याची गाडी दारापर्यंत पोहोचत नाही. तुमचं घर सदाशिव किंवा नारायण पेठेत असेल तर पार्किंगचा प्रश्न आधी सोडवा.

शिवाय काही ठरलेले मोसम असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि मग एप्रिल-मेची लग्नसराई, जून ते ऑगस्टमधले प्रवेश, डिसेंबरमधला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं म्हणजे एनडीएचं दीक्षान्त संचलन (ते वर्षातून दोनदा असतं आणि देशभरातून पालक येतात), गहुंजेच्या मैदानावर क्रिकेटचा सामना असेल त्या दोन रात्री. हे सगळं कॅलेंडरवर मांडा, पण त्यावर वर्षाचा हिशेब उभा करू नका. अशा रात्री सगळ्या मिळून पंचवीस-तीस होतात. उरलेल्या ३३५ रात्री कोण येणार, हा खरा प्रश्न आहे.

बहिणीला मी तिच्या सोसायटीच्या गेटवर उभं केलं आणि म्हटलं, इथून रिक्षाने वीस मिनिटांत काय-काय येतं ते सांग. बालेवाडीचं क्रीडासंकुल आलं, हायवे आला, दोन-तीन रुग्णालयं आली. हिंजवडी नकाशावर जवळ दिसत होती, पण सकाळी नऊ वाजता तिथे पोहोचायला पाऊण तास लागतो हे तिला माहीत होतं. कंपनीच्या कामाला आलेला माणूस पहिल्या मुक्कामात हे शिकतो आणि पुढच्या वेळी वाकडला उतरतो. तिच्या यादीत ‘हिंजवडीचे पाहुणे’ या ओळीपुढे आम्ही प्रश्नचिन्ह टाकलं.

दुसरं काम: दहा फ्लॅट निवडा आणि रोज बघा

एजंट, बिल्डर, अगदी माझ्यासारखी अनुभवी बाईसुद्धा, कुणाच्याही सांगण्यावर जाऊ नका. एअरबीएनबी, बुकिंग डॉट कॉम, मेकमायट्रिप, अगोडा यांवर तुमच्या फ्लॅटच्या दीड-दोन किलोमीटरच्या आत, तेवढ्याच बेडरूमचे, तशाच इमारतीतले फ्लॅट शोधा. स्विमिंग पूल असलेल्या टॉवरशी तुमच्या लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याची तुलना करू नका.

आम्ही बारा निवडले होते. त्यातल्या दोघांची कॅलेंडरं सहा-सहा महिने पूर्ण बंद दिसत होती. ती भरलेली नव्हती. मालकाने बंद ठेवली होती. नवखा माणूस इथेच फसतो: अॅपवर बुक झालेली रात्र आणि मालकाने अडवलेली रात्र दिसायला अगदी सारखी असते. ओळखायची खूण अशी, की खरी बुकिंगं तुकड्या-तुकड्याने येतात. काल मोकळा असलेला गुरुवार-शुक्रवार आज गेला, परवा एक रविवार गेला. एकदम पंधरा दिवसांचा पट्टा बंद झाला तर संशय घ्या. ते दोन फ्लॅट आम्ही वगळले, दहा उरले.

आता वही. चौकटींची, शाळेच्या गणिताची असते तसली. डावीकडे फ्लॅटचे क्रमांक, वर तारखा. बहीण रोज रात्री दहा वाजता नाशिकहून दहाही फ्लॅट उघडून बघायची आणि त्या रात्रीची चौकट भरायची: गेली असेल तर पेन्सिलीने काळी, मोकळी राहिली असेल तर कोरी. रात्री दहाच का? आपल्याकडचे पाहुणे फार उशिरा ठरवतात. सकाळी मोकळा दिसणारा फ्लॅट संध्याकाळी गाडीतूनच बुक होतो. महिनाभर आधीचं कॅलेंडर पाहून ‘सगळं रिकामंच आहे’ असं ठरवणं जितकं चुकीचं, तितकंच लाँग वीकेंडचं कॅलेंडर पाहून हुरळून जाणं.

पाच आठवड्यांनी वही उघडली तेव्हा बोलायची गरजच पडली नाही. शुक्रवार-शनिवारचे उभे पट्टे काळेभोर, आणि त्यांच्यामध्ये सोमवार-मंगळवार-बुधवारची पांढरी मैदानं. मोजलं: शुक्रवार-शनिवारच्या १०० चौकटींपैकी ७८ भरलेल्या, इतर २५० पैकी १२५. तेही ऐन लग्नसराईत. पावसाळ्यातली मंदी धरून आम्ही वर्षाचे आकडे खाली आणले: वीकेंडला ७० टक्के, इतर दिवशी ४५.

पाच आठवडे थांबायची तयारी नसेल तर एक ढोबळ पडताळा आहे. गेल्या बारा महिन्यांत त्या फ्लॅटला किती रिव्ह्यू आले ते मोजा. माझ्याकडे साधारण दोनातला एक पाहुणा रिव्ह्यू लिहितो. म्हणजे ४० रिव्ह्यू असतील तर ८० मुक्काम धरा, आणि सरासरी दोन रात्रींचा मुक्काम असेल तर १६० रात्री. हा आकडा वहीच्या आकड्याच्या आसपास आला तर ठीक. फार लांब गेला तर कुठेतरी चुकतंय, पुन्हा बघा.

तिसरं काम: दर कुठला धरायचा

स्क्रीनवर जो दर दिसतो तो न विकल्या गेलेल्या रात्रीचा असतो. हे नीट लक्षात घ्या. ज्या रात्री गेल्या त्यांचा दर आता दिसतच नाही, आणि ज्या उरल्या त्या कदाचित दर जास्त म्हणूनच उरल्या. म्हणून वहीत चौकट काळी करण्याआधी, आदल्या दिवशी त्या रात्रीला काय दर दिसत होता तोही बारीक अक्षरात लिहा. आमच्या वहीत ४,००० आणि त्यावरच्या रात्री वीकेंडलासुद्धा बहुतेक कोऱ्याच राहिल्या. गेलेल्या रात्रींचे दर शुक्रवार-शनिवारी ३,६०० च्या आसपास, इतर दिवशी २,८०० च्या आसपास होते.

दर बघताना कर आणि साफसफाईचं शुल्क वेगळं काढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यापुढे १८. पाहुणा जो अंतिम आकडा बघतो त्यात हा धरलेला असतो. तो तुमचा पैसा नव्हे. आठवड्याला किंवा महिन्याला दिलेली सवलतही तपासा. कॅलेंडरवर आठ दिवस सलग गेलेला फ्लॅट बहुधा सवलतीत गेलेला असतो.

चौथं काम: खर्च, आणि इथे घाई करू नका

लोक वीज आणि इंटरनेट लिहितात आणि थांबतात. खरा खर्च प्रत्येक मुक्कामामागे असतो. पाहुणा एक रात्र राहो की सहा, तो गेल्यावर पूर्ण घर झाडायचं, पुसायचं, दोन्ही बाथरूम घासायची, चारही चादरी काढायच्या.

मागच्या फेब्रुवारीत माझ्याकडे लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं, दोन रात्री. माणसं गोड होती, जाताना ओट्यावर लाडवांचा डबा ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी कामाच्या मावशींनी न्हाणीघरातले टॉवेल बाल्कनीत आणून उजेडात धरले. पांढऱ्या टॉवेलांवर मेंदीचे तळवे उमटलेले, एकावर तर पाची बोटं मोजता येत होती. एका उशीच्या अभ्र्याला हळद. “ताई, हळद उन्हात जाईल. मेंदी काही निघायची नाही,” मावशी म्हणाल्या, आणि तसंच झालं. सहा टॉवेल बाद झाले, ३५० रुपयांचा एक. त्या मुक्कामाच्या कमाईतून २,१०० रुपये तिथेच गेले. तेव्हापासून लग्नाच्या पाहुण्यांसाठी मी मरून रंगाचे टॉवेल वेगळे ठेवते. हिशेबाच्या वहीत ‘चादरी-टॉवेल बदल’ अशी ओळ तेव्हापासून कायमची आहे.

विजेचंही असंच. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, १०० युनिटच्या पुढे एक, ३०० च्या पुढे आणखी चढा. पाहुणा एसी चालू ठेवून दिवसभर सिंहगडावर जाऊन येतो. मे महिन्यात बिल कुठे जातं ते एकदा तुमच्याच घरी सगळे एसी चार दिवस चालवून पाहा. आणि बाणेर, बालेवाडी, वाघोली या बाजूला उन्हाळ्यात टँकर येतो. तो खर्च सोसायटी मेंटेनन्समध्ये कसा वाटते ते सेक्रेटरींना विचारा. पाणी नसेल त्या सकाळी पाहुण्याचा फोन तुम्हालाच येणार आहे.

अॅपचं कमिशन ठरलेलं नसतं, करारानुसार बदलतं. मी हिशेबाला सरसकट १५ टक्के धरते. फर्निचर, गाद्या, एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन यांचा एकरकमी खर्च पाच वर्षांत विभागते, कारण पाच वर्षांनी गाद्या बदलाव्याच लागतात.

पाचवं काम: आता वर्षाचा हिशेब

वर्षात शुक्रवार-शनिवारच्या १०४ रात्री, बाकी २६१. बहिणीच्या फ्लॅटचा कागद असा झाला:

वीकेंडच्या ७३ रात्री, दर ३,६००: २,६२,८०० रुपये
इतर ११७ रात्री, दर २,८००: ३,२७,६०० रुपये
एकूण १९० रात्री, जमा: ५,९०,४०० रुपये
कमिशन १५ टक्के: वजा ८८,५६०
९५ मुक्काम, प्रत्येकी ९०० (साफसफाई ५००, लॉन्ड्री २५०, चहा-साबण-पाणी १५०): वजा ८५,५००
वीज: वजा ४२,०००
इंटरनेट, ओटीटी, गॅस: वजा २४,०००
दुरुस्ती आणि चादरी-टॉवेल बदल: वजा ३०,०००
साडेतीन लाखांच्या फर्निचरचा वर्षाचा वाटा: वजा ७०,०००
हातात: २,५०,३४० रुपये

म्हणजे महिन्याला सुमारे २०,८६०. सोसायटीचा मेंटेनन्स दोन्ही बाजूंना सारखाच, म्हणून धरला नाही. समोर साधं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे नेहमीचा भाडेकरार, ठेवा: महिना ३२,००० प्रमाणे, एक महिना रिकामा आणि दलालीत गेला असं धरून ११ महिन्यांचे ३,५२,०००. बहीण बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. घर पाहुण्यांना दिलं असतं तर वर्षाला लाखभर रुपये कमी मिळाले असते, वर पाहुण्यांचे फोन, किल्ल्या, तक्रारी हे सगळं तिच्या वाट्याला.

इथे दोन आकडे कळले की पुढचं सोपं जातं. भरलेल्या रात्रीचा सरासरी दर: ५,९०,४०० भागिले १९०, म्हणजे ३,१०७. आणि वर्षातल्या प्रत्येक रात्रीमागची कमाई, रिकामी असो वा भरलेली: ५,९०,४०० भागिले ३६५, म्हणजे १,६१८. जाहिराती पहिल्या आकड्याने बोलतात. तुम्ही दुसऱ्याने बोला. कुणी ‘माझा फ्लॅट पाच हजाराने जातो’ म्हटलं की विचारा, वर्षाला किती रात्री?

मग बरोबरीची रेषा काढा. भाड्याइतकेच पैसे मिळायला आणखी किती रात्री भरायला हव्यात? वाढीव रात्री आठवड्यातल्याच असणार, वीकेंड तर बऱ्यापैकी भरलेले आहेत. २,८०० मधून कमिशन आणि मुक्कामाचा खर्च (दोन रात्रींचा मुक्काम, म्हणून रात्रीला ४५०) गेला की १,९३० उरतात. कमी पडतात १,०१,६६०. भागाकार केला की ५३ रात्री. म्हणजे १९० ऐवजी २४३, महिन्याला वीस रात्री. आणि एवढं करून ती फक्त साध्या भाड्याच्या बरोबरीला येते, तिच्या कष्टाचा रुपयाही त्यात नाही. तिला स्वतःच्या कामाचे महिन्याला १०,००० सुटायला हवे असतील तर आणखी ६२ रात्री. ३०५ रात्री! बाणेरच्या त्या दहांपैकी एकही फ्लॅट या वेगाने भरत नव्हता.

मी कुणालाही हाच आकडा आधी काढायला सांगते: सगळा खर्च जाऊन उरलेल्यातून साधं भाडं वजा करा. जे उरेल तो तुमचा पगार आहे. त्या पगारात हे काम करायला तुम्ही तयार आहात का?

हिशेब फिरतो तो मुक्कामाच्या लांबीने

माझा एरंडवण्यातला फ्लॅट चालतो, आणि त्याचं कारण माझं कौतुक नव्हे, त्याची जागा आहे. मोठ्या रुग्णालयापासून चालत पाच मिनिटं. येणारे बहुतेक पेशंटचे घरचे: सोलापूर, लातूर, नांदेडकडून आलेले, ऑपरेशन आणि नंतरच्या ड्रेसिंगसाठी आठ-दहा दिवस राहणारे. त्यांना टीव्ही मोठा लागत नाही. लिफ्ट लागते, कमोडजवळ धरायला दांडी लागते, आणि भाताची पेज करायला गॅस लागतो. दर मी वाकड-बाणेरपेक्षा कमीच ठेवते, पण गेल्या वर्षी २५५ रात्री भरल्या आणि मुक्काम झाले फक्त ३२. चादरी बत्तीस वेळा बदलल्या, पंच्याण्णव वेळा नव्हे. निम्मे पाहुणे ओळखीतून येतात, तिथे कमिशन नाही.

बहिणीच्या कागदावरही हे लावून पाहिलं. १९० रात्री तेवढ्याच ठेवून मुक्काम दोनऐवजी चार रात्रींचा झाला तर वर्षाला सुमारे ४२,७५० रुपये नुसत्या मुक्कामामागच्या खर्चात वाचतात. दर ५०० ने वाढवण्यापेक्षा हे सोपं असतं. बदलून पुण्यात आलेलं कुटुंब भाड्याचं घर मिळेपर्यंत महिनाभर राहतं, घराचं रंगकाम काढलेले शेजारी पंधरा दिवस राहतात. अशी माणसं पुण्यात नेहमी असतात. तुमच्या भागात ती आहेत का, हे पहिल्या कामातल्या यादीत शोधा.

सोसायटी आणि सरकार: एकही वस्तू विकत घेण्याआधी

हिशेब कितीही चांगला आला तरी सोसायटी नाही म्हणाली तर सगळं तिथेच थांबतं. माझ्या दुसऱ्या वर्षी आमच्या लिफ्टमध्ये नोटीस लागली, ‘रोज नवी माणसं नकोत’. दोन महिने बुकिंग बंद ठेवावं लागलं. शेवटी मी सभेत जाऊन प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र वॉचमनकडे आधी पाठवायची हमी दिली, तेव्हा सुटलं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. घरात लहान मुलं असलेल्या माणसाला जिन्यात रोज अनोळखी चेहरे नको वाटणारच. म्हणून आधी उपविधी, म्हणजे सोसायटीचे नियम, वाचा, सर्वसाधारण सभेचे जुने ठराव मागा, अपार्टमेंट असोसिएशन असेल तर डीड ऑफ डिक्लरेशन (तिचा मूळ दस्त) बघा, आणि परवानगी लेखी घ्या. सेक्रेटरींचं ‘करा हो, कोण काय म्हणतंय’ पुरत नाही, पुढच्या वर्षी सेक्रेटरी बदलतात. सहकारी सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर दुसऱ्याला देतो तेव्हाचं शुल्क) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच लावू शकते, हेही माहीत असू द्या.

पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत असते. घर दुसऱ्याला दिलं की ती जाते. रिकामा फ्लॅट भाड्याने द्या किंवा पाहुण्यांना द्या, दोन्हीकडे ती नाहीच. पण राहत्या बंगल्याचा वरचा मजला द्यायचा विचार असेल तर हा फरक कागदावर मांडा.

बाकीचं भराभर सांगते. पर्यटन संचालनालयाकडे ‘निवास व न्याहारी’ योजनेत नोंदणीची चौकशी करा. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याच्या माहितीचा ऑनलाइन फॉर्म (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) भरणं बंधनकारक आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि तुमची जीएसटी नोंदणी नसेल, तर अॅपवरून आलेल्या बुकिंगचा जीएसटी अॅपच भरतं. ऑक्टोबर २०२४ पासून अॅप्सनी कापायचा टीडीएस (आधीच कापून भरलेला आयकर) ०.१ टक्का आहे, तो रिटर्नमध्ये परत धरता येतो. आणि साध्या भाड्याला आयकरात जी ३० टक्क्यांची सरसकट वजावट मिळते ती चादरी-साफसफाईसह दिलेल्या घराला मिळेलच असं धरू नका. ते उत्पन्न व्यवसायाचं मानलं जाऊ शकतं. पहिल्या वर्षीच सीएंसमोर वही ठेवा.

लोणावळा, पवना, मुळशीकडचं घर असेल तर

तिकडचा दर ऐकून डोळे फिरतात, बंगला रात्रीला बारा-पंधरा हजारांना जातो. पण तिथे आठवड्याच्या रात्री पुण्यापेक्षाही रिकाम्या असतात. हिशेब १०४ रात्रींवरच करा आणि त्यातल्याही साठ टक्के धरा, म्हणजे ६२. समोर वर्षभराचा केअरटेकर, बाग, पूल, जनरेटर, पावसाळ्यातली गळती. ऐन हंगाम जुलै-ऑगस्टचा, आणि नेमक्या त्याच दिवसांत धबधबे आणि धरणांवर बंदी येऊ शकते. २०२४ च्या पावसाळ्यात भुशी धरणाजवळच्या दुर्घटनेनंतर प्रशासनाने निर्बंध लावले, आणि ते लावायलाच हवे होते. तुमचा हिशेब अशा रद्द होणाऱ्या दोन-चार वीकेंडनंतरही तगला पाहिजे.

जमीन घेऊन बांधायचं असेल तर सातबारा आधी. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, आणि ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून विकला जाणारा तुकडा बिगरशेती आहे की नाही, बांधकामाला पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) परवानगी आहे की नाही, हे वकिलाकडून तपासल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

नवा फ्लॅट विकत घेऊन हे करायचं असेल तर

हातात राहणारी रक्कम घराच्या पूर्ण किमतीने भागा. बहिणीच्या फ्लॅटची आजची किंमत १ कोटी १० लाख धरली तर २,५०,३४० म्हणजे जेमतेम २.३ टक्के. साध्या भाड्याने ३.२. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, महिलेच्या नावावर ६, तेही किमतीत मिळवा. कर्जाचा हप्ता पाहुण्यांच्या पैशातून फिटेल या भरवशावर घर घेऊ नका, हे मी अगदी कळवळून सांगते. दुसऱ्याचा फ्लॅट भाड्याने घेऊन पुढे पाहुण्यांना द्यायचा असेल तर करारात तसं स्पष्ट लिहून घ्या. त्यात भाडं दर महिन्याला जाणारच, घर भरो न भरो. म्हणून बरोबरीच्या रेषेशिवाय वेगळं निदान दोन महिन्यांचं भाडं हाताशी ठेवा.

एवढं करूनही मन घेत असेल तर मोसमाबाहेर सुरुवात करा. ऑगस्टपासून तीन महिने चालवून बघा, आणि साडेतीन लाखांचं फर्निचर करण्याआधी घरातलंच सामान वापरा. डिसेंबरमध्ये सुरू केलेला फ्लॅट पहिल्या महिन्यात सगळ्यांचाच भरतो.

बहिणीने जानेवारीत फ्लॅट एका बँकेत बदलून आलेल्या कुटुंबाला दिला, ३३,००० ला, नोंदणीकृत करार करून. मुलं बालेवाडीच्या शाळेत जातात, मेंटेनन्सचा त्रास नाही. चौकटींची ती वही ती जाताना माझ्याकडे ठेवून गेली. निम्मी पानं कोरी होती. माझ्या फ्लॅटचा मे महिना आता मी त्यातच भरते आहे. काल मंगळवार होता, चौकट काळी आहे, बार्शीचे आजोबा उद्या टाके काढून घरी जातील.